तुंगेचा धणी

मिरजेहून गाडी सुटली तेव्हा माझ्या पिशवीत, कपड्यांच्या तळाशी, पितळी घुंगरांची एक माळ होती. ती गाईच्या गळ्यात बांधायची होती. गाय माझी नव्हती, आणि माळ घेतल्याचं मी कुणालाच सांगितलं नव्हतं, बायकोलासुद्धा नाही. वर्तमानपत्रात घट्ट गुंडाळली होती, तरी डबा हलला की ती किणकिणायची. समोरच्या बाकावरच्या बाई माझ्या पिशवीकडं पाहायला लागल्या तेव्हा मी ती उचलून मांडीवर घेतली आणि बंगळूर येईपर्यंत तशीच धरून बसलो.

मिरजेत माझं पशुखाद्याचं दुकान आहे. वडिलांनी घातलेलं, आता मी चालवतो. सरकी पेंड, शेंगदाणा पेंड, मक्याचा भरडा, गव्हाचा कोंडा. आसपासच्या गावांतल्या जनावरांची नावं मला ठाऊक असतात, कुठली गाभण आहे, कुठली आटली आहे तेही. माझ्या स्वतःच्या दारात मात्र कधी वासरूही बांधलेलं नव्हतं. दुकानावर दोन खोल्या, खाली रस्ता, बांधणार कुठं? बेडगचे तात्या म्हणून माझं जुनं गिऱ्हाईक आहे. पोतं खांद्यावर घेताना ते दर वेळी विचारतात, "शेठ, समद्या तालुक्याच्या गुरांना खायला घालता, पण तुमच्या दारात एक तरी शेपूट हाय का?" दुकानातले बाकीचे हसतात, मीही हसतो. पण ते वाक्य माझ्या मनात दिवसभर राहतं.

बंगळूरला माझी अक्का असते, माझी थोरली बहीण. तिचं सासर चामराजपेटेतलं. शेकडो वर्षांपूर्वी तिकडं जाऊन राहिलेल्या मराठी घराण्यांपैकी एक. दाजींचं, म्हणजे तिच्या यजमानांचं, पीण्याच्या औद्योगिक वसाहतीत लेथ मशीनचं छोटं शेड होतं. काही वर्षांपूर्वी ते विकून त्यांनी होसकोट्याच्या पुढं जमीन घेतली, तिथल्या चालत्या गोठ्यासकट. ज्या माणसानं आयुष्यभर लोखंड कातलं, गाईच्या कुठल्या बाजूला बसून धार काढायची तेही ज्याला ठाऊक नव्हतं, त्याच्याकडं आता पंचवीसेक जनावरं. मला दाजींचा हेवा वाटतो, हे इथंच लिहून टाकतो. पुढं जे घडलं ते या एका गोष्टीवाचून समजणार नाही.

डिसेंबरात अक्काचा फोन आला. "ह्यांच्या छातीनं परत उचल खाल्लीय. डॉक्टर म्हणतात, गोठ्यातली धूळ, कडबा, सगळं बंद. गोठा कुणाच्या तरी हाती द्यायला हवा. घरातलं कुणी असलं तर बरं, असं हे म्हणत होते. संक्रांतीला ये." मी दाजींच्या छातीची चौकशी केली, काळजी घ्या म्हणालो. पण खरं सांगतो, फोन ठेवल्यावर माझ्या कानात छातीचं दुखणं नव्हतं. 'घरातलं कुणी' एवढंच होतं. दुसऱ्या दिवशी बाजारात जाऊन मी घुंगरांची माळ घेतली.

यशवंतपूरला सकाळी उतरलो. थंडी छान होती. मेट्रोनं मार्केटपर्यंत आलो. बाहेर झेंडूचे आणि उसाचे ढीग पडलेले, उसाच्या मोळ्या माणसांपेक्षा उंच. चामराजपेट तिथून चालण्याच्या अंतरावर आहे, पण पिशवी किणकिणत होती म्हणून रिक्षा केली. आमच्या मिरजेकडं कन्नड कानावर पडतं, थोडं बोलताही येतं. मी रिक्षावाल्याशी ते बोलून पाहिलं. त्यानं आरशातून माझ्याकडं पाहिलं आणि विचारलं, "हुबळी काय?" आमच्याकडं वाक्यामागं 'री' लावतात. इकडं ते ऐकलं की लोकांना हसू येतं.

अक्काच्या घरी एळ्ळु-बेल्ल करणं चाललं होतं. एळ्ळु-बेल्ल (तीळ-गूळ) म्हणजे आपल्यासारखे लाडू नाहीत. तीळ, गुळाचे चौकोनी खडे, सुक्या खोबऱ्याचे बारीक तुकडे आणि भाजलेले शेंगदाणे एकत्र करून तसेच वाटतात. दाजी खोबरं कातरत बसले होते, खोकत आणि कातरत.

"बसा अरुणराव, बसा," ते म्हणाले. "स्वल्प खोबरं कातरा की. मिरजेचा हात लागू दे."

"तब्येत कशी आहे दाजी?"

"तब्येतीला काय झालंय. गोठा सोडा म्हणतात, एवढंच. बायको सोडा म्हटले असते तर सरी (ठीक), विचार केला असता."

अक्का आतून म्हणाली, "ऐकतेय मी."

जेवताना त्यांनी आपणहून विषय काढला. "माझी तुंगा आहे ना, हळ्ळीकार. तुमच्या खिल्लारसारखीच, राखाडी, ताठ शिंगांची. ती पुढं गेली की सगळी जनावरं मागनं जातात. संक्रांतीला संध्याकाळी तिचं दावं मी कुणाच्या तरी हातात देणार. नाही तर असं करतो, दावं सोडूनच देतो. बघू ती कुणामागं जाते. ज्याच्यामागं जाईल त्यानं गोठा बघावा." आणि ते हसले.

मी हसलो नाही. माणूस पसंत करण्याची ही रीत मला थट्टेची वाटलीच नाही.

दुपारी अक्का माझे कपडे धुवायला टाकायचे म्हणून पिशवी उपसत होती. मी थांबवेपर्यंत तिच्या हातात ती वर्तमानपत्राची गुंडाळी आली. तिनं उघडून पाहिलं.

"हे कुणाला रे?"

"असंच. गोठ्याला भेट."

तिनं माळ परत गुंडाळली आणि आपल्या जागी ठेवली. मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "अरू, हे अजून जिवंत आहेत."

त्या दुपारी मी दाजींच्या शेजारी बसून इतकं खोबरं कातरलं की अंगठ्याला फोड आला.

दुसऱ्या दिवशी पहाटे दाजींच्या जुन्या व्हॅनमधून आम्ही दोघं निघालो. टिन फॅक्टरीपाशी गाड्या तुंबल्या होत्या, केआर पुरमचा झुलता पूल ओलांडल्यावर रस्ता जरा मोकळा झाला. होसकोट्याला उजाडायच्या आत बिर्याणीसाठी माणसं रांगा लावून उभी होती, कानटोप्या घातलेली, हातात स्टीलचे डबे घेतलेली. दाजी म्हणाले, "आपल्या लोकांना सकाळी पोहे लागतात, ह्यांना ही." पुढं मोठं तळं लागलं. पाण्यावर धुकं होतं. त्यानंतर कारखान्यांची कुंपणं, गोदामं, मालमोटारींची रांग, आणि मग एकदम रागीची कापलेली शेतं, निलगिरीची झाडं, लाल माती. तिथून डावीकडं एका कच्च्या रस्त्यानं आम्ही गोठ्यावर पोचलो.

व्हॅन थांबली तसा आतून एक आडदांड माणूस आला. लुंगी वर खोचलेली, गळ्यात मफलर. "बन्नी धणी, बन्नी." (या धणी, या.) हा मुनियप्पा. तो आणि त्याची बायको लक्ष्मम्मा गोठ्यावरच राहतात. धणी म्हणजे आपलाच शब्द, फक्त ते 'ण' दाबून म्हणतात. गुराढोरांचा, शेताभाताचा मालक. एक माणूस खोचलेली लुंगी आदरानं खाली सोडून दुसऱ्याला अशी हाक मारतो आणि दुसरा तसाच सहज गाडीतून उतरतो, हे मी पाहत राहिलो. दुकानात मला शेठ म्हणतात. पण त्या शब्दाला शेणाचा वास नाही.

तेवढ्यात दाजी म्हणाले, "काय धणी, राजी काय म्हणते?"

मी आजूबाजूला पाहिलं. तिथं मुनियप्पाच होता. तोच म्हणाला, "राजी मस्त आहे. कालपासून लाथ मारली नाही." मग दाजी गोठ्याकडं तोंड करून ओरडले, "लक्ष्मम्मा धणी, कॉफी मिळेल काय?" आतून लक्ष्मम्मा हसली.

मला वाटलं, ही त्यांची थट्टा असेल. कॉफी पिताना मी विचारलं.

"थट्टा कुठली," दाजी म्हणाले. "आमच्या गोठ्यावरची रीत आहे ही. लक्ष्मम्माच्या बापानं पाडलेली. तोच आधी इथं होता. वासरू जन्मलं की त्याचं नाकतोंड पहिल्यांदा जो पुसेल तो त्याचा धणी. विकत आणलेलं असलं तर गाडीतून उतरवून आत नेईल तो. दूध सगळं एकाच कॅनमध्ये जातं, कागद माझ्याच नावावर आहेत, त्याचा ह्याच्याशी संबंध नाही. पण जनावर आजारी पडलं तर धणी त्याच्यापाशी बसणार. चुकीचं काही झालं तर धण्यानं उत्तर द्यायचं. आणि संक्रांतीला किच्चूतून त्यालाच न्यायचं. मी जमीन घेऊन पहिल्या दिवशी इथं आलो, तर म्हातारा विचारतो, तुमच्या नावाची गाय कुठली? म्हटलं, सगळ्याच माझ्या. तो म्हणाला, मग एकही नाही."

किच्चू म्हणजे आग. संक्रांतीला संध्याकाळी वाटेवर गवत पसरून पेटवतात आणि सजवलेली जनावरं त्यावरून पळवतात. बंगळूर-म्हैसूरकडं गावोगाव चालतं.

"मग तुमची कुठली?" मी विचारलं, उत्तर ठाऊक असूनही.

"एकच. तुंगा. पंचवीस जनावरांत मी एका गाईचा धणी. मुनियप्पा नऊ-दहा जनावरांचा आहे. तुमची अक्का एका जर्सीची आहे, ते तिला सांगू नका, फार मिरवते."

मुनियप्पाला आमचं मराठी पुरतं कळत नव्हतं, पण आपलं नाव ऐकून त्यानं मफलर नीट केला.

तुंगा गोठ्याच्या टोकाला बांधलेली होती. तिचं वर्णन करायला बसलो तर पानं जातील. राखाडी अंग, खांद्याकडं काळसर होत गेलेलं, शिंगं मागं वळून पुन्हा टोकाला आत आलेली, आणि डोळे असे की तिनं आपल्याकडं पाहिलं की आपण काहीतरी विसरून आलोय असं वाटतं. मी हात पुढं केला. तिनं हुंगला आणि तोंड फिरवलं. दाजी आले तशी ती मान लांब करून त्यांच्या खिशापाशी गेली. दाजी खोकत होते आणि तिच्या कपाळावर बोटं फिरवत होते. मी तिथं उभा राहून, आजारी माणसाचा, माझ्या बहिणीच्या नवऱ्याचा हेवा करत होतो. हे लिहितानासुद्धा मला लाज वाटते.

दुपारी लक्ष्मम्मानं रागी मुद्दे (नाचणीचा घट्ट उकडलेला गोळा) आणि अवरेकाळुची (पावट्याची) आमटी वाढली. मुद्दे चावायचं नसतं, आमटीत बुडवून गिळायचं. मी चावलं आणि ते टाळूला चिकटलं. मुनियप्पा खूष झाला. माझ्या 'री'ची नक्कल करत म्हणाला, "नुंगरी, नुंगरी." (गिळा हो, गिळा.) मी पशुखाद्य विकतो हे कळल्यापासून त्यानं माझं नाव 'बूसा अण्णा' ठेवलं होतं. बूसा म्हणजे कोंडा. लक्ष्मम्मानं त्याला दटावलं, पण तीही तोंड लपवून हसत होती.

जेवणानंतर मी एक प्रयोग केला. खाद्याच्या कोठीतून मूठभर सरकी पेंड घेतली आणि तुंगेसमोर धरली. तिनं खाल्ली. दुसरी मूठ घेऊन दोन पावलं मागं सरलो, तर ती दाव्याच्या टोकापर्यंत आली. माझ्या तळव्यावर तिची खरखरीत जीभ फिरली तेव्हा जे वाटलं ते मी कुणाला सांगू शकत नाही. तिसऱ्या वेळी माझी मूठ रिकामी होती. तिनं ती हुंगली आणि सरळ पाठ केली.

मागं मुनियप्पा उभा होता. "तिला बूसा आवडतो," तो म्हणाला. "अण्णा नाही."

दुपारभर ते मला टोचत राहिलं. चार वाजता दाजी बाहेर खुर्ची टाकून बसले होते. मी त्यांच्याजवळ जाऊन बसलो आणि म्हणालो, "मुनियप्पा माणूस चांगला आहे. पण जरा निष्काळजी वाटतो, नाही? हौदाच्या तळाशी शेवाळ आहे. कोठीचं दार उघडंच टाकतो. तुमची पाठ वळली की..." वाक्य मी पुरं केलं नाही. पुरं न केल्यानं ते जास्त लागतं, हे मला दुकानदारीनं शिकवलंय. दाजींनी एकदा हौदाकडं पाहिलं. शेवाळ खरंच होतं. पण मी ते शेवाळासाठी सांगितलं नव्हतं.

संध्याकाळची धार झाली. मंडळी अंगणात झेंडूच्या माळा ओवत बसली, शिंगांना लावायच्या रंगाचे डबे उघडून बघत होती. मी कोठीत गेलो. एक घमेलं घेतलं, मक्याचा भरडा आणि सरकी पेंड काठोकाठ भरली, वर गूळ फोडून टाकला आणि ते तुंगेपुढं ठेवलं. उद्या दावं सुटल्यावर तिला कुणीतरी आठवायला हवं होतं. ती खात होती आणि मी तिच्या मानेवर हात ठेवून उभा होतो. या खेपेला तिनं हात झटकला नाही. घमेलं चाटून झाल्यावर मी ते धुऊन जागेवर ठेवलं.

खाणं एकदम बदलू नका, रोज थोडं थोडं वाढवा, हे मी दुकानात दिवसातून पन्नास वेळा सांगतो.

संक्रांतीच्या सकाळी मी जागा झालो तो लक्ष्मम्माच्या हाकेनं. तुंगा बसली होती आणि उठत नव्हती. डावी कूस टरारून फुगली होती. मुनियप्पानं बोटांनी टिचकी मारली तर नगारा वाजावा तसा आवाज आला. तिच्या तोंडातून लाळ गळत होती आणि ती दात खात होती. काल संध्याकाळी ज्या डोळ्यांकडं मी प्रेमानं पाहिलं होतं ते आता कुठंच पाहत नव्हते.

दाजींनी तोंडाला फडकं बांधलं आणि डॉक्टरांना फोन लावला. सण होता, यायला दुपार होईल म्हणाले. "पण आधी सांगा, खाल्लं काय?" फोनचा आवाज मोठा केलेला होता, सगळ्यांना ऐकू येत होतं. "ओला चारा जास्त झाला की धान्य खाल्लं? दोन्हीचा उपाय वेगळा आहे."

दाजींनी मुनियप्पाकडं पाहिलं. "काय घातलंस?"

"रोजचंच. रोज घालतो तेच."

"कोठीचं दार?"

"लावलं होतं धणी."

"लावलं होतंस? अरुणराव कालच म्हणत होते..." दाजींनाही वाक्य पुरं करावं लागलं नाही.

मुनियप्पानं माझ्याकडं पाहिलं. शेवटचं वाक्य दाजी मराठीत बोलले होते, पण ते त्याला बरोबर समजलं. तो चिडला. आवाज चढवून भराभर बोलायला लागला: तो दहा वर्षं इथं आहे, शेजारच्या रानातलं कुणी येऊन काही टाकलं असेल, तो रात्री तीनदा उठतो. लक्ष्मम्मा त्याचा दंड धरून गप्प करायला बघत होती. फोनवर डॉक्टर विचारत होते, "अहो, धान्य की चारा?"

तेवढ्या वेळात मी गप्प होतो. तुंगेनं एकदा कण्हून मान जमिनीवर टाकली, तेव्हा मी म्हणालो, "धान्य. मी घातलं."

लक्ष्मम्मानं मुनियप्पाचा दंड सोडला.

"भरडा आणि पेंड. गूळही."

"एष्टु?" मुनियप्पानं विचारलं. (किती?)

मी घमेल्याकडं बोट केलं. लक्ष्मम्मानं कपाळाला हात लावला. दाजींनी फडक्याआडून माझ्याकडं पाहिलं, मग फोन तोंडाशी नेऊन डॉक्टरांना सगळं सांगितलं. खाण्याचा सोडा पाण्यात कालवून पाजा, डॉक्टर म्हणाले, उठवून चालवा, बसू देऊ नका, मी येईपर्यंत दाणा दाखवूसुद्धा नका.

आम्ही चौघांनी मिळून तिला उठवलं. मुनियप्पानं तिचं तोंड वर धरलं, लक्ष्मम्मानं बाटलीतून सोडा पाजला. मग दाजींनी तिचं दावं खुंट्यावरून सोडलं. मला वाटलं ते मुनियप्पाकडं देतील. त्यांनी ते माझ्या हातात दिलं.

"धरा," ते म्हणाले. "आजचा दिवस तुम्हीच."

मुनियप्पा माझ्या शेजारून गेला. जाताना हळू आवाजात, हिंदीत म्हणाला, "बूसा अण्णा, गाय पटवायची होती की मारायची?"

मी तिला चालवत राहिलो. गोठ्यापासून निलगिरीच्या झाडांपर्यंत आणि परत. ती दर थोड्या अंतरावर थांबायची आणि मी पुढं ओढायचो. बाजूला बाकीच्या जनावरांची अंघोळ चालली होती. पिवळी, लाल शिंगं उन्हात वाळत होती. अक्का चामराजपेटेहून बसनं आली. तिला सगळं कळलं होतं. तिनं मला पाणी आणून दिलं, मी पिऊन होईपर्यंत उभी राहिली आणि भांडं घेऊन निघून गेली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

दुपारी डॉक्टर आले, नळी घातली, इंजेक्शन दिलं. "वाचेल," म्हणाले. "पण आज आगीतून वगैरे नाही." मी तिथंच मातीत बसलो. तुंगेचं दावं माझ्या मनगटाला होतं, ती माझ्यावर वाकून उभी राहिली. माझ्यावर तिचा लोभ जडला होता असं नाही. दावं आखूड होतं.

सूर्य खाली गेला तसं गाव वाटेवर जमलं. गवत पसरलं. मी तुंगेला घेऊन बांधावर, धुरापासून लांब उभा होतो. दाजी त्याहून लांब, व्हॅनची काच वर करून बसले होते. गवत पेटलं आणि पहिली गेली ती मुनियप्पाची राजी. मुनियप्पा लुंगी खोचून तिच्या शेजारून पळाला, दोघं एकदम आगीवरून उडाली आणि पलीकडं जाऊन थांबली. लोक ओरडले. मग लक्ष्मम्मा एका कालवडीला घेऊन गेली. मग अक्का, माझी चष्मा लावणारी अक्का, साडीचा पदर खोचून आपल्या जर्सीच्या मागनं आगीच्या कडेकडेनं धावली. प्रत्येकाचा मला हेवा वाटला. मी तिथं उभा राहून एकेकाचा हेवा करत होतो, आणि तुंगा माझ्या बाजूला रवंथ करायला लागली होती. दिवसभरात पहिल्यांदाच.

गावातली दोन-तीन म्हातारी माणसं आमच्यापाशी आली. तुंगेला सगळे ओळखत होते. ही बाजूला का, म्हणून विचारायला लागली. एकानं विचारलं, "धणी यारु?" (धणी कोण?)

मुनियप्पा तिथंच घाम पुसत होता. त्यानं माझ्याकडं हनुवटीनं दाखवलं. "इवत्तु इवरे धणी." (आज हेच धणी.) मग आजारी का पडली तेही त्यानं सांगितलं, घमेल्याच्या आकारासकट. म्हातारे हसले. एकानं माझ्या खांद्यावर थाप मारली आणि सांगितलं, रात्री बसू देऊ नकोस.

ज्या शब्दासाठी मी घुंगरं घेऊन आलो होतो, तो मला असा मिळाला. पण त्यात खोटं काही नव्हतं. त्या गोठ्याच्या रीतीनं त्या दिवशी तिचा धणी मीच होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुंगा नेहमीसारखी पाणी प्यायली. दाजींनी सगळ्यांना बोलावलं. दावं सोडून देण्याची गोष्ट त्यांनी काढली नाही. त्यांनी ते सरळ लक्ष्मम्माच्या हातात दिलं. "तुझ्या बापानं मला दिलं होतं," एवढंच म्हणाले. मग तुंगेच्या कपाळावर बोटं फिरवली आणि खोकत व्हॅनकडं गेले.

मी मुनियप्पाकडं पाहिलं. तो धरून चालला होता की ते आपल्यालाच मिळणार. तो मफलर सोडत होता, पुन्हा गुंडाळत होता, आणि बायकोच्या हाताकडं बघत होता. ते तोंड मी ओळखलं. गेले तीन दिवस माझंच तसं होतं. मी जाऊन त्याच्याशेजारी कट्ट्यावर बसलो.

"आता तिला धणी म्हणावं लागणार काय?" मी विचारलं, माझ्या मिरजेच्या कन्नडमध्ये.

"घरातसुद्धा," तो म्हणाला. थोड्या वेळानं त्यानं मला बिडी दिली. मी ओढत नाही. ओढली.

निघताना मी पिशवीतून घुंगरांची माळ काढून त्याला दिली. त्यानं हलवून पाहिली, तुंगेकडं पाहिलं, आणि जाऊन आपल्या राजीच्या गळ्यात बांधली. तिला ती फार शोभली.

चामराजपेटेत अक्कानं डब्यात एळ्ळु-बेल्ल भरून दिलं. स्टेशनवर जाताना ती म्हणाली, "ह्यांनी तुझं नाव काढलं होतं अरू. खरंच काढलं होतं." मी म्हणालो, "माहीत आहे." तिनं माझ्या शर्टाला लागलेलं वाळलेलं शेण नखानं खरवडून काढलं. मग गाडी आली.

मिरजेत आल्यावर सगळं होतं तसंच आहे. हेवा गेला असं मी लिहिणार नाही. दाजी आता चामराजपेटेत खिडकीपाशी बसून असतात, तरी मला त्यांचा हेवा वाटतो. त्यांच्याकडं सोडायला तरी काहीतरी होतं. लक्ष्मम्माचा वाटतो. अक्काच्या फोनमधून मागं कधी घुंगरं वाजली तर राजीचासुद्धा वाटतो.

परवा तात्या आले. त्यांची म्हैस व्यायला झाली होती, दुप्पट पेंड हवी होती. मी म्हणालो, "एकदम वाढवू नका तात्या. पोट फुगतं."

"आता तुम्ही शिकवा," तात्या पोतं खांद्यावर घेत म्हणाले. "शेठ, तुमच्या दारात कधी एक तरी शेपूट होतं का?"

बाकीचे हसायला लागले होते.

"एक दिवस होतं," मी म्हणालो, आणि त्यांच्या खांद्यावरचं पोतं उतरवून निम्मं करून दिलं.